जिवंत इतिहासाच्या अंगणात एक दिवस

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एक ठरावीक चित्र उभे राहते. काचेची कपाटे, त्यांत ओळीने मांडलेली नाणी, मूर्ती आणि भांडी, प्रत्येक वस्तूखाली बारीक अक्षरांतील चिठ्ठी आणि भिंतीवर 'वस्तूंना हात लावू नये' अशी सूचना. अशा दालनांतून लहान मुलांना घेऊन फिरणाऱ्या आईवडिलांचा अनुभव सहसा एकसारखाच असतो. पहिल्या दोन दालनांत मुले उत्साहाने प्रश्न विचारतात. तिसऱ्यात ती बसावयास जागा शोधू लागतात. यात दोष मुलांचा नसतो आणि वस्तूंचाही नसतो. जाते समोर ठेवलेले असते. पण ते कोण फिरवीत असे, पहाटे किती वाजता उठून फिरवीत असे आणि त्यामुळे खांदे कसे भरून येत, हे ते जाते स्वतः सांगू शकत नाही.

ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नातून 'जिवंत इतिहासाचे संग्रहालय' ही कल्पना आकारास आली. येथे जुनी घरे मोकळ्या जागेत उभी केलेली असतात. त्या घरांत चूल पेटते, भाता फुंकला जातो, माग चालतो. त्या काळचा पोशाख केलेले स्त्री-पुरुष ती कामे प्रत्यक्ष करतात आणि येणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. वस्तूबरोबरच ती वापरण्याची रीतही जतन करणे, हे या संग्रहालयांचे वैशिष्ट्य होय. ही कल्पना कशी वाढली, एका कुटुंबाला तेथे एका दिवसात काय मिळू शकते आणि तिच्यात कोणता धोका संभवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एका घागऱ्यापासून आरंभ

या कल्पनेचा उगम शोधू गेल्यास आपणांस स्वीडन देशात जावे लागते. आर्तुर हाझेलियस (१८३३-१९०१) हे स्टॉकहोम येथील एक शिक्षक आणि भाषेचे अभ्यासक. १८७२ साली ते पत्नीसह दालार्ना या प्रांतात प्रवासास गेले असता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वी गावागणिक निराळा असणारा पोशाख झपाट्याने नाहीसा होत होता. आगगाडी आणि कारखाने आले होते, शहरी कापड खेड्यापाड्यांत पोहोचले होते. जे काल घरोघरी होते, ते उद्या कोठेच दिसणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्याच प्रवासात त्यांनी लोकरीचा एक घागरा विकत घेतला. त्यांच्या संग्रहातील ती पहिली वस्तू.

पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, त्यांनी आपला संग्रह स्टॉकहोममध्ये लोकांसाठी खुला केला. आज नॉर्डिक संग्रहालय म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच. परंतु नुसती कपाटे मांडून त्यांचे समाधान होईना. म्हणून त्यांनी माणसांच्या आकाराचे पुतळे करविले, त्यांना खरे कपडे घातले आणि घरातील प्रसंगांची दृश्ये उभी केली. १८७८ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात या दृश्यांनी लोकांचे लक्ष वेधून घेतले. तरीही पुतळा तो पुतळाच. पुढची पायरी म्हणून त्यांनी अख्खे घरच उचलून आणण्याचे ठरविले. मोरा भागातील एक लाकडी घर त्यांनी १८८५ साली विकत घेतले. ११ ऑक्टोबर १८९१ रोजी स्टॉकहोममधील युरगार्डेन या बेटावरील टेकडीवर 'स्कान्सेन' हे खुले संग्रहालय सुरू झाले, तेव्हा आरंभीच्या मोजक्या घरांत हे घर होते. स्वीडन आणि नॉर्वे यांच्या तत्कालीन राजाने ऑस्लोजवळ १८८१ सालापासून जुन्या इमारतींचा एक लहान संग्रह केला होता, हे खरे; परंतु घराभोवती अंगण, अंगणात गुरे आणि घरात माणसे असा संपूर्ण संसार उभा करण्याचे श्रेय हाझेलियस यांच्याकडे जाते. पोलिश, चेक आणि हंगेरियन या भाषांत कोणत्याही खुल्या संग्रहालयास आज 'स्कान्सेन' या शब्दानेच ओळखतात.

वस्तू, दृश्य, घर आणि शेवटी त्या घरात काम करणारे हात, अशा या कल्पनेच्या चार पायऱ्या आहेत. त्या लक्षात ठेवल्यास कोणतेही संग्रहालय कोणत्या पायरीवर उभे आहे, हे आपणांस सहज ठरविता येते.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत

आता असे समजू की, नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये राहणारे एक मराठी कुटुंब सुटीच्या दिवशी स्कान्सेन पाहावयास निघाले आहे. आईवडील, दोन शाळकरी मुले आणि गावाकडून आलेली आजी. संग्रहालयाचा परिसर सुमारे ७५ एकरांचा असून त्यात स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतून आणलेल्या सुमारे दीडशे इमारती आहेत. घर सोडविताना प्रत्येक ओंडक्यावर खूण करावयाची, ते गाडीने किंवा जहाजाने आणावयाचे आणि खुणेबरहुकूम पुन्हा रचावयाचे, ही येथील पद्धत. सेग्लोरा गावचे १७३० च्या सुमाराचे लाकडी चर्च असेच १९१६ साली हलविण्यास सुरुवात झाली. आजही त्यात लग्ने लागतात.

प्रथम नजरेत भरतात ती घरांची छपरे. काही छपरांवर चक्क गवत उगवलेले असते. त्याखाली भूर्ज वृक्षाच्या सालीचे थर असतात. साल पाणी आत येऊ देत नाही. वरची माती साल दाबून धरते आणि थंडीही अडविते. पाठ्यपुस्तकातील 'स्थानिक साधनसामग्रीचा वापर' या वाक्याचा अर्थ मुलांना येथे एका दृष्टिक्षेपात कळतो. कोकणातील नळ्यांची कौले आणि देशावरील धाब्याची घरे यांच्यामागेही हाच विचार आहे, हे वडिलांनी येथेच सांगावे.

आत गेल्यावर घराच्या मध्यभागी विस्तव दिसतो. उत्तरेकडील भागांत सातूच्या पिठाची पातळ भाकरी करीत. ती वर्षातून थोड्याच वेळा, पण मोठ्या प्रमाणावर भाजावयाची, वाळवावयाची आणि महिनोन् महिने पुरवावयाची, अशी रीत होती. लाटणे मोठे आणि भट्टी निराळी; परंतु पीठ मळणारा हात आजीच्या ओळखीचा असतो. भाषा येत नसली तरी ती पुढे होऊन पिठाला बोट लावून पाहते. "आजी, तूसुद्धा रोज दळत होतीस का गं?" असा प्रश्न नातू विचारतो, आणि मग आजी सांगू लागते: पहाटेचा काळोख, जात्याचा खुंटा, समोर बसलेली जाऊ, आणि दळण संपले तरी न संपणारी कामे. ही गोष्ट घरी दहा वेळा सांगूनही नातवाच्या कानांवरून गेली असती. येथे ती त्याला ऐकू येते, कारण त्याच्यासमोर विस्तव आहे, पीठ आहे आणि काम करणारा माणूस आहे. एका पिढीला दुसऱ्या पिढीचा शिक्षक होण्याची संधी देणे, हे अशा सहलीचे सर्वांत मोठे फळ होय.

दुपारी शहरी भागातील कारागिरांच्या आळीत वेळ कसा जातो ते कळत नाही. काच फुंकणारा कारागीर वितळलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकावर घेतो आणि ती सतत फिरवीत राहतो. फिरविणे थांबले तर काच खाली ओघळेल. हात, फुंकर आणि नजर या तिघांचा मेळ बसल्याशिवाय साधा पेलाही होत नाही, हे मुलगी स्वतः पाहते. कारागिरी पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. ती एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जावी लागते. मधली एक पिढी चुकली तर हत्यारे उरतात, कसब उरत नाही. अशा संग्रहालयात कामाला असलेला प्रत्येक कारागीर म्हणूनच त्या कसबाचा राखणदारही असतो. तेथे पाळलेल्या जुन्या, दुर्मीळ होत चाललेल्या जातींच्या गुरांविषयी आणि डुकरांविषयीही असेच म्हणता येईल.

सुंदर चित्रामागील सत्य

येथपर्यंतचे चित्र मोठे सुखद आहे, आणि धोका नेमका तेथेच आहे. विस्तव, ताजी भाकरी, रंगीत पोशाख आणि सुटीचा दिवस यांमुळे 'जुने ते सारे चांगले होते' असा समज घेऊन मुले घरी परतण्याचा संभव असतो. ज्या खेड्यांतून ही घरे आली, त्या खेड्यांनी १८६७ ते १८६९ या वर्षांत भीषण दुष्काळ सोसला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत बारा लाखांहून अधिक स्वीडिश लोक पोटासाठी अमेरिकेस गेले. सुंदर दिसणारी घरे सोडून माणसे का गेली, हा प्रश्न त्या अंगणात उभे राहूनच विचारावयास हवा.

त्याचे एक उत्तर स्कान्सेनमध्येच आहे. तेथे शेतमजुरांची एक चाळ जतन केली आहे. मोठ्या जमीनदारांकडे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या विवाहित मजुरांना स्वीडनमध्ये 'स्तातारे' म्हणत. त्यांची मजुरी बहुतांशी धान्य, दूध, बटाटे, सरपण आणि राहावयास जागा अशा वस्तुरूपाने मिळे. एका कुटुंबास बहुधा एक खोली आणि स्वयंपाकघर एवढीच जागा असे. नवऱ्याच्या करारात बायकोची मेहनतही गृहीत धरलेली असे. मालकाच्या गाईंचे दूध काढण्याच्या या सक्तीला 'पांढरा चाबूक' असे नाव पडले होते. ही पद्धत १९४५ साली संपुष्टात आली. जमीनदाराच्या वाड्याबरोबर या मजुरांची खोलीही जपली गेली, म्हणून त्या संग्रहालयाच्या इतिहासकथनाला वजन आले.

स्कान्सेनचा स्वतःचा इतिहासही याबाबतीत निर्दोष नाही. आरंभीच्या काळात उत्तरेकडील सामी या आदिवासी जमातीच्या कुटुंबांना तेथे आणून ठेवीत आणि शहरी लोक त्यांना पाहावयास येत. माणसाने आपले कसब दाखविणे निराळे आणि माणूसच प्रदर्शनाची वस्तू होणे निराळे. या दोहोंमधील सीमारेषा अशा प्रत्येक संस्थेने सतत तपासून पाहावी लागते.

या बाबतीत अमेरिकेतील विल्यम्सबर्गचे उदाहरण उद्बोधक आहे. व्हर्जिनिया वसाहतीची ही अठराव्या शतकातील राजधानी. १९२६ पासून, जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या अर्थसाहाय्याने, तिचा जीर्णोद्धार सुरू झाला. लोहार, सुतार, छापखाना, घोडागाड्या असे सर्व काही तेथे होते. परंतु त्या नगरातील सुमारे निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीयांची आणि त्यांतील बहुतेक सर्व गुलाम होते, ही गोष्ट अनेक दशके जवळजवळ अनुच्चारितच राहिली. १९७९ पासून कृष्णवर्णीय कलावंतांनी गुलामांचे जीवन तेथे मांडावयास सुरुवात केली. १० ऑक्टोबर १९९४ रोजी गुलामांच्या लिलावाचे दृश्य सादर झाले, तेव्हा मोठा वाद उसळला. हे दुःख सहलीकरूंच्या करमणुकीचा विषय होईल, असे निषेध करणाऱ्यांचे म्हणणे होते. ते लपविले तर इतिहासच खोटा ठरेल, असे ते दृश्य सादर करणाऱ्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. अशा संग्रहालयाची खरी कसोटी लागते ती येथेच.

आपल्याकडील प्रयत्न

आपल्या देशातही या दिशेने मोलाचे काम झाले आहे. पुण्याचे दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ उभारलेला राजा केळकर संग्रह सर्वपरिचित आहे. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातील भांडी अशा सुमारे वीस हजार वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमविल्या आणि पुढे त्या महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या. कोथरूड येथील मस्तानी महालाचे भागही त्यांनी आणवून संग्रहालयात पुन्हा उभे केले. राजेरजवाड्यांच्या तलवारींइतकेच सामान्य घरातील अडकित्त्यालाही मोल आहे, ही त्यांची दृष्टी हाझेलियस यांच्या दृष्टीशी नाते सांगणारी आहे. कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या परिसरातील सिद्धगिरी संग्रहालयात बारा बलुतेदारांसह संपूर्ण ग्रामजीवन शिल्परूपाने मोकळ्या जागेत उभे केले आहे. वर सांगितलेल्या चार पायऱ्यांपैकी पुण्याचा संग्रह पहिल्या पायरीचे आणि कणेरी दुसऱ्या पायरीचे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

तिसरी पायरी पाहावयाची असेल तर भोपाळला जावे. १९७७ साली स्थापन झालेले आणि १९७९ पासून भोपाळ येथे विस्तारलेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय श्यामला टेकडीवर सुमारे २०० एकरांत पसरले आहे. तेथे देशाच्या निरनिराळ्या भागांतील आदिवासी जमातींची घरे आहेत. त्यांत आपल्या वारली बांधवांचे घरही आहे. ही घरे त्या त्या जमातीच्या लोकांनी स्वतः येऊन, आपल्याच पद्धतीने बांधली. माती, बांबू आणि गवत यांचे घर वारंवार दुरुस्त करावे लागते. घर टिकवावयाचे तर ते बांधण्याचे कसबही टिकले पाहिजे, असा हा व्यवहार आहे. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे १९९६ पासून असलेल्या दक्षिणचित्र या संस्थेत दक्षिणेतील जुनी घरे पुन्हा उभारली असून तेथे कुंभार, विणकर यांसारखे कारागीर काम करताना पाहावयास मिळतात. चौथ्या पायरीच्या ती पुष्कळ जवळ आहे.

पाणवठ्याची गोष्ट

उद्या महाराष्ट्रातील एखाद्या गावाने आपले जुने जीवन अशा रीतीने जिवंत करावयाचे ठरविले, तर त्यात काय काय असेल? मोट असेल, नाडा-सोंदूर असतील. लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक आणि तेल्याचा घाणा असेल. माजघरात जाते आणि कणगी असेल. सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते घेण्यास आलेले बलुतेदारही असतील. हे सर्व असावेच. परंतु गावाच्या मध्यभागी विहीर दाखविताना त्या विहिरीवर कोणाला पाणी भरता येत नसे, हेही सांगावे लागेल. तेवढे एक वाक्य गाळले तर विहिरीचे चित्र सुंदर होईल, पण खरे होणार नाही.

१९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यास गेले, ते का, हे त्या विहिरीपाशी उभे राहिलेल्या मुलाला कळले पाहिजे. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले आणि कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडले. खळ्यावरील धान्याच्या वाट्यात स्नेह होता, तशीच सक्तीही होती. स्वीडनमधील मजुराचा करार वर्षाचा असे. आपल्याकडील वतनाची बांधिलकी जन्माची होती. ज्यांच्या आजोबांनी ती सोसली, त्यांच्याच तोंडून ही हकीकत सांगितली जावी. अमेरिकेतील प्लिमथ येथे १६२७ सालच्या वसाहतीचे जीवन दाखविले जाते. तेथे इंग्रज वसाहतवाल्यांची भूमिका करणारे कलावंत त्या काळातील माणसांप्रमाणे बोलतात. परंतु शेजारच्या वाम्पानोआग वस्तीतील मूळ रहिवासी कोणतीही भूमिका करीत नाहीत. ते आजचे माणूस म्हणून आपल्या पूर्वजांविषयी बोलतात. या संस्थेने २०२० साली आपल्या नावात त्या जागेचे मूळ 'पटक्सेट' हे नावही जोडले. आपल्याकडे अशी योजना करताना हा आदर्श डोळ्यांसमोर ठेवण्याजोगा आहे.

सहलीस जाण्यापूर्वी

परदेशी जाणे सर्वांना शक्य नाही आणि तशी आवश्यकताही नाही. जवळचे कोणतेही संग्रहालय, किल्ल्याखालचे एखादे जुने गाव, अथवा अजून भट्टी पेटत असलेली कुंभारवाड्यातील एक गल्लीही पुरेशी आहे. मात्र तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, घरातील वडीलधाऱ्या माणसांना बरोबर न्यावे आणि वस्तूंविषयी प्रथम त्यांना बोलू द्यावे. चिठ्ठी नंतर वाचावी. दुसरी, सारे काही पाहण्याचा हव्यास धरू नये. एका दिवसात दोन कामे नीट पाहिली आणि त्यांतील एखादे स्वतः करून पाहिले तरी पुष्कळ झाले. चाकावर मातीचा गोळा एकदा कोसळला म्हणजे कुंभाराच्या हाताची किंमत मुलाला आपोआप कळते. तिसरी गोष्ट महत्त्वाची. प्रत्येक घरापाशी मुलांना दोन प्रश्न विचारावयास सांगावे : हे काम कोण करीत असे? आणि त्याच्या मोबदल्यात त्याला काय मिळत असे? या दोन प्रश्नांनी घराची शोभा कमी होत नाही. त्या घरातील माणसे तेवढी दिसू लागतात.

परतीच्या प्रवासात मुले दमून झोपी जातील. परंतु पुढे केव्हातरी शाळेत दुष्काळ, गावगाडा किंवा स्थलांतर हे धडे येतील, तेव्हा त्यांना आजीच्या हातातील जात्याचा खुंटा, विस्तवाची धग आणि विहिरीपाशी विचारलेला प्रश्न आठवेल. आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेली, मोट हाकलेली आणि जाते ओढलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्यांच्या हातांना ठाऊक असलेले पुष्कळसे ज्ञान कोणत्याच पुस्तकात उतरलेले नाही. हाझेलियस यांनी घागरा विकत घेतला तेव्हा तो विणणारे हात अजून कामात होते, म्हणूनच त्यांचे काम साधले. आपणही त्या पिढीकडे वेळीच वळले पाहिजे. येत्या सुटीतील एक दिवस त्यासाठी राखून ठेवण्यास काय हरकत आहे?